गोळी, मातीची पट्टी आणि आमचं थायरॉईड घराणं

‘एकदा ही गोळी चिकटली की जन्माची चिकटली!’ हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात एकदा तरी ऐकू येतं. गाणाऱ्यांची असतात तशी आमचं हे ‘थायरॉईड घराणं’. आई, धाकटी मावशी, मी आणि आता मावसबहिणीची लेक अशा आम्ही चौघीजणी सकाळी चहाच्या आधी ती इवलीशी गोळी घेतो.

तर या लेकीनं परवा मला विचारलं, "मावशी, एका निसर्गोपचार केंद्राचं दहा दिवसांचं शिबिर आहे. थायरॉईड मुळापासून बरा करतात म्हणे. गोळी सोडून बघू का?" तिला फोनवर उत्तर दिलंच, पण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, निसर्गोपचारांबद्दल माझ्या मनात अढी नाही. गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केले, त्या पुणे परिसरातच आम्ही वाढलो. मातीची पट्टी, कटिस्नान, एनिमा हे शब्द लहानपणापासून कानावरचे. मी स्वतःही अशा ठिकाणी आठ दिवस राहून आलेय. पहाटे उठणं, चालणं, मोजकं जेवण, रात्री नऊला दिवे बंद... माणूस ताजातवाना होतोच. बद्धकोष्ठ, झोप, वजन यांवर याचा चांगला उपयोग होतो, आणि नेमक्या याच तक्रारी थायरॉईडवाल्यांच्याही असतात. घोळ इथूनच सुरू होतो.

आमच्या घराण्याचा आजार आहे हाशिमोटोचा. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली चार बायकांच्या गळ्यातल्या ग्रंथींचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यावरून हे नाव पडलं. यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीवर हल्ला करते. ग्रंथी हळूहळू निकामी होते आणि संप्रेरक कमी पडतं. बाहेरून घ्यायची गोळी म्हणजे तेच संप्रेरक, थायरॉक्सिन. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. तोवर या आजारावर इलाजच नव्हता. ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली! तेव्हा ‘केमिकल पोटात कशाला घालायचं’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं असं, की हे ‘केमिकल’ आपली ग्रंथी आयुष्यभर बनवतच होती. आता तिला जमत नाही, इतकंच.

आता शिबिरातल्या ‘चमत्कारा’बद्दल. थायरॉक्सिन शरीरातून फार सावकाश जातं. निम्मं कमी व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. म्हणजे दहा दिवसांच्या शिबिरात गोळी बंद केली, तरी आधीच्या साठ्यावर गाडी चालू राहते. वर विश्रांती, हलकं जेवण आणि मोकळी हवा. माणूस म्हणतो, "बघा, गोळी सोडली तरी किती छान वाटतंय!" थकवा, सूज, थंडी वाजणं हे सगळं घरी परतल्यावर काही आठवड्यांनी हळूहळू येतं. तोवर शिबिराच्या वहीत छानसा अभिप्राय लिहून झालेला असतो. माझी धाकटी मावशी याच वाटेनं गेली होती. तीन महिन्यांनी तिचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला आणि ती बसल्या जागी झोपायला लागली. तेव्हा कुठे रक्त तपासलं. केंद्रातून एकदाही विचारणा झाली नव्हती.

दुसरी गोष्ट मिठाची. ‘आयोडीनचं मीठ सोडा, सैंधव घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात गलगंडाचं थैमान होतं. तिथे १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन ते कमी होतं हे दाखवलं, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हे कमावलेलं आपण फॅशनपायी घालवायचं का? पण याच्या उलट टोकही वाईट. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांमध्ये आयोडीन भरमसाठ असू शकतं, आणि हाशिमोटोत जादा आयोडीननं ग्रंथी आणखी बिघडू शकते. ‘नैसर्गिक’ म्हणून काहीच कितीही चालतं असं नाही.

तिसरं, उपास. लांबलचक उपासात शरीर स्वतःच काटकसर करतं आणि टी-थ्री हे कामाचं संप्रेरक कमी बनवतं. आधीच मंद असलेल्या माणसाला असा उपास घडवून काय साधायचं? सर्वांगासनानं पाठ मोकळी होत असेल, मन शांत होत असेल, जरूर करा. पण गळ्यावर दाब पडला म्हणून अँटिबॉडीज पळून जात नाहीत. कोबी-फ्लॉवरलाही उगाच वाळीत टाकू नका. १९२८ मध्ये कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाल्याचं दिसलं, तिथून ही भीती आली. पण आपण काही सशांसारखा नुसता कच्चा कोबी खात नाही. शिजवलेली भाजी बेताने खुशाल खावी.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर खास लक्ष द्यावं. जादा मात्रेतल्या बायोटिनमुळे काही पद्धतींच्या रक्ततपासणीत टीएसएच खोटंच कमी दिसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल इशाराही दिला. रिपोर्ट बघून ‘बरी झाले’ असं वाटायचं, आणि बरं काहीच झालेलं नसायचं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळ्यांनाच गोळी लागते असं नाही. टीएसएच किंचित वाढलेलं पुष्कळांचं आपोआप खाली येतं. २०१७ मध्ये युरोपातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशा किरकोळ बिघाडाच्या ६५ वर्षांवरच्या लोकांना गोळीमुळे लक्षणांत काही फरक पडला नाही. म्हणजे ‘उगाच गोळी चिकटवतात’ या तक्रारीत तथ्य आहे. पण आपोआप सुधारलेल्या या मंडळींचं श्रेय मात्र मातीची पट्टी घेऊन जाते!

आणि खरं सांगू? लोक तिकडे वळतात ते पट्टीसाठी नाहीच. डॉक्टर रिपोर्टकडे बघून डोस लिहितात आणि ‘नेक्स्ट’ म्हणतात. निसर्गोपचारवाले तासभर बसवून झोप, जेवण, सासर, नोकरी सगळं विचारतात. बायकांच्या थकव्याला ‘वयाचं आहे’ म्हणून वाटेला लावणाऱ्या दवाखान्यांनीच ही गर्दी त्यांच्याकडे पाठवली आहे. हे डॉक्टर मंडळींनी मनावर घ्यायला हवं.

पण भाचीच्या बाबतीत माझं मत अगदी कडक आहे. तिला मूल हवंय. पहिले तीन महिने गर्भाची ग्रंथी काम करत नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं संप्रेरक आईकडूनच येतं. गरोदरपणात गोळीचा डोस बहुधा वाढवावा लागतो. त्या काळात प्रयोग म्हणून गोळी सोडणं म्हणजे ज्यानं होकार दिलेला नाही अशा जिवावर प्रयोग करणं.

तेव्हा घरच्या सगळ्यांना माझं एवढंच म्हणणं, की शिबिराला जा, हवं तर मीही येते. पण गोळीची बाटली बॅगेत हवी. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा-कॉफी अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर ठेवा. डोस बदलला तर सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासा. आणि जो कोणी गोळी बंद करायला सांगेल, त्याला विचारा, ‘तुम्ही माझी पुढची टीएसएच तपासणी कोणत्या तारखेला करणार?’ उत्तर देता आलं नाही, तर तिथली मातीची पट्टी घ्या, सल्ला घेऊ नका.

तुमच्याकडचे अनुभव वेगळे असतील तर जरूर लिहा. फक्त सोबत आधीचे आणि नंतरचे रिपोर्टही सांगा!