तेल नको, सफाई हवी

आमची मिलिटरी स्पेशल सकाळपासून चरोद्याच्या यार्डात उभी आहे. भिलाईचं हे मार्शलिंग यार्ड म्हणजे रुळांचं जंगल. इंजिन कधी लागेल ते रेल्वेच जाणे. मे महिना, डब्याचा पत्रा तापलाय, जवान पत्ते कुटतायत आणि मी वडिलांचा जुना यशिका मॅट १२४ जी मांडीवर घेऊन बसलोय.

गंमत म्हणजे आज त्याचं शटर बरंचसं वेळेवर मिटतंय. मागच्या पोस्टिंगला, थंडीत, एक सेकंदावर लावलं की पाती चार-चार सेकंद उघडीच राहायची. म्हणजे स्प्रिंग शाबूत आहे. जुनं वंगण चिकट झालंय आणि उन्हानं तात्पुरतं सैल पडलंय. चरोद्याच्या उन्हानं फुकटात निदान केलं!

या शटरमध्ये १/५००, १/२५० असे वेग स्प्रिंगच्या जोरावर निघतात. १ सेकंद, १/२, १/४ अशा संथ वेगांना मात्र छोट्या दातेरी चक्रांची साखळी लगाम घालते. ती घर्रर्र ऐकू येते तीच. फक्त संथ वेग अडखळत असतील तर दोष बहुधा या चक्रांत. सगळेच वेग मंदावले असतील तर पात्यांवर तेल आलेलं असतं.

ते तेल कुठून येतं? आपल्याच हातून. दोन वर्षांपूर्वी एका दुरुस्तीवाल्यानं थेंबभर तेल सोडलं, शटर आठवडाभर पळालं, मी खूश. न तपासताच रजेवर नेला आणि माजघरात १/१५ वर आजीचे बारा फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा बाराही धूसर. शटर उघडं राहिलं आणि तेवढ्यात माझा हात हलला. त्या दिवाळीपर्यंत आजी राहिली नाही.

चूक दुरुस्तीवाल्याची कमी, माझी जास्त. खडकवासल्याला पहिल्या टर्मपासून रायफल आधी चिंधीनं कोरडी पुसायची, मग तेलाचा नुसता हात फिरवायचा, हे अंगवळणी पडलेलं. बर्फात जादा तेल थिजून हत्यार अडतं, हे मीच जवानांना शिकवतो. घरच्या वस्तूला मात्र हा नियम लावला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मंदावलेल्या यंत्राला वंगण वाढवणं म्हणजे दुखणं झाकणं. आधी जुना चिकटा निघाला पाहिजे, आणि ते काम शटर उघडून धुणाऱ्या जाणकाराचं. तोवर जोर लावू नका, सेल्फ टायमरला हात लावू नका, कॅमेरा मुद्दाम उन्हात ठेवू नका. पातळ झालेलं तेल पात्यांवर पसरतं.

तुमच्याही कपाटात असा कॅमेरा असेल. आज रोल न भरता मागचं झाकण उघडा, भिंतीकडे धरा आणि प्रत्येक वेगावर शटर दाबून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. घरात ज्यांचे फोटो काढायचे राहिलेत, ते थांबतीलच असं नाही.

शिट्टी झाली. इंजिन लागलं वाटतं.