रकाना पुसला, भेद उरला

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत निकाल दिला आणि महाविद्यालयीन प्रवेशात उमेदवाराचा वंश विचारात घेण्याची काही दशकांची पद्धत मोडीत काढली. इथल्या अनेक मराठी घरांत तेव्हा एकच वाक्य ऐकू येत होते: 'चला, आता आपल्या मुलांना न्याय मिळेल.' त्यानंतर नव्या नियमाने निवडलेल्या तुकड्या महाविद्यालयांत दाखलही झाल्या. मग न्याय कोणाला मिळाला? किती मिळाला? आणि त्याची किंमत कोणी मोजली? खटला आशियाई मुलांच्या, म्हणजे आपल्याही मुलांच्या नावाने लढवला गेला. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची जबाबदारी आपल्याला टाळता येणार नाही. अमेरिकेत मत देणाऱ्या, कर भरणाऱ्या आणि मुलांना इथल्या शाळांत घालणाऱ्या प्रत्येक मराठी माणसापुढे म्हणून हे मुद्दे ठेवतो आहे.

१. निकालाने काय गेले, ते आधी नीट समजून घेऊ. भारतातले आरक्षण डोळ्यांपुढे ठेवून आपण या प्रश्नाकडे पाहतो आणि तिथेच गफलत होते. इथल्या राखीव जागा १९७८ मध्येच गेल्या. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा राखून ठेवल्या होत्या. बॅकी खटल्यात न्यायालयाने ती व्यवस्था रद्द केली. वंशासाठी थेट २० गुण देण्याची मिशिगन विद्यापीठाची पद्धत २००३ मध्ये गेली. मागे उरले ते एवढेच, की गुण, निबंध, शिफारसपत्रे आणि खेळ यांच्या जोडीने वंश ही एक बाब लक्षात घेता येत होती. २०२३ मध्ये तीही गेली. विद्यार्थी व्हिसावर पुण्या-नाशिकहून येणाऱ्या मुलांची गणती तर 'आंतरराष्ट्रीय' म्हणून वेगळीच होते. तेव्हा 'त्यांचा कोटा गेला' म्हणून जे पेढे वाटतात, ते १९७८ मध्येच गेलेल्या कोट्याचे पेढे वाटत आहेत.

२. आशियाई मुलांची तक्रार खोटी नव्हती, हेही तितक्याच ठणकावून सांगायला हवे. हार्वर्डच्या खटल्यात प्रवेश कार्यालयाची कागदपत्रे उघडी पडली. अभ्यासात आणि अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांत आशियाई मुले पुढे होती, पण 'व्यक्तिमत्त्वा'च्या गुणांत मागे पडत होती. हे गुण देणारे अधिकारी बहुतेक उमेदवारांना कधी भेटलेलेही नसत. जे भेटत, त्या मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना मात्र या मुलांत असा काही उणेपणा दिसत नव्हता. मग धाडस, दयाळूपणा, आवडण्याजोगा स्वभाव हे सारे फाइल चाळून कसे मोजले गेले? ही वागणूक अपमानास्पदच होती. पण तिच्यावरचा इलाज त्या गुणांची मोजपट्टी सुधारणे हा होता. ब्रॉन्क्समधल्या कृष्णवर्णीय मुलीची वाट अरुंद केल्याने फ्रीमाँटमधल्या मराठी मुलाच्या स्वभावाचे गुण वाढत नाहीत.

३. निकालानंतरचे आकडे पाहा. २०२४ च्या तुकडीत एमआयटीमधले कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण आधीच्या वर्षांच्या सुमारे १३ टक्के सरासरीवरून ५ टक्क्यांवर आले. अ‍ॅमहर्स्टमध्ये ते ११ वरून ३ वर आणि ब्राउनमध्ये १५ वरून ९ वर घसरले. हार्वर्डमध्ये आधी १८ होते, ते १४ झाले आणि पुढच्या वर्षी साडेअकराच्या आसपास आले. आता आशियाई मुलांकडे वळू. एमआयटीत त्यांचे प्रमाण वाढून ४७ टक्के झाले, कोलंबियात ३० चे ३९ झाले. पण त्याच वर्षी येलमध्ये ते ३० वरून २४ वर उतरले, प्रिन्स्टनमध्येही घटले आणि ज्या हार्वर्डवर खटला भरला तिथे पहिल्या वर्षी ३७ वरच राहिले. वाढले ते दुसऱ्या वर्षी. वंश न सांगणाऱ्यांची संख्या वाढल्याने हे आकडे जपूनच वाचले पाहिजेत. तरीही कल दिसतो. आपला फायदा महाविद्यालयागणिक आणि वर्षागणिक बदलतो. कृष्णवर्णीय मुलांचा तोटा मात्र बहुतेक ठिकाणी एकाच दिशेने जातो.

४. हे असे होईल, हे कोणालाच माहीत नव्हते असे म्हणायलाही जागा नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये राज्याच्या विद्यापीठांत वंशाचा विचार बंद करणारा प्रस्ताव २०९ मंजूर केला. १९९८ च्या तुकडीपासून तो लागू झाल्यावर बर्कली आणि लॉस एंजेलिस इथे प्रवेश मिळालेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाने वंशाचा उल्लेख न करता विविधता राखण्याच्या प्रयत्नांवर ५० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. तरी उद्दिष्ट गाठता आले नाही, असे त्यानेच न्यायालयाला सांगितले. मिशिगनने २००६ मध्ये तोच मार्ग धरला. तिथल्या मिशिगन विद्यापीठात कृष्णवर्णीय पदवी-विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते, ते २०२१ पर्यंत ४ टक्क्यांवर आले. अर्थतज्ज्ञ झॅकरी ब्लीमर यांनी कॅलिफोर्नियातल्या मुलांचा पुढचा प्रवास तपासला. वरच्या महाविद्यालयात जाऊ शकणारी मुले एक पायरी खाली गेली, त्या पायरीवरची आणखी खाली. पदव्या कमी झाल्या आणि पुढे कमाईही घटली. म्हणजे पाव शतकाचा अनुभव समोर असताना हा निर्णय झाला. त्याच्या परिणामांना अपघात म्हणता येणार नाही.

५. 'हा काही नामांकित महाविद्यालयांपुरता प्रश्न आहे' असे कोणी म्हणेल. अर्धे खरे आहे. अमेरिकेतली बहुसंख्य महाविद्यालये अर्ज करणाऱ्या बहुतेकांना घेतात; तिथे या निकालाने फारसे काही बदलत नाही. पण न्यायाधीश, सिनेटर, मोठे वकील, नामवंत डॉक्टर कोणत्या महाविद्यालयांतून येतात? हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात २०२३ मध्ये पहिल्या वर्षाला ४३ कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. २०२४ मध्ये १९. पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गात एकोणीस! देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही त्याच वर्षी नव्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या ११ टक्क्यांहून अधिक घटली. गंमत अशी, की लष्करी अकादम्यांचा प्रश्न न्यायालयाने एका तळटीपेत खुला सोडला होता. सैन्याच्या अधिकाऱ्यांत विविधता हा निदान विचार करण्याजोगा प्रश्न ठरतो आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांत ठरत नाही, हा कुठला न्याय?

६. 'आशियाई' या एका शब्दाखाली कोणाकोणाला कोंबले आहे, ते पाहा. सिलिकॉन व्हॅलीतल्या दोन पगारांच्या भारतीय घरातला मुलगा, मिनेसोटातल्या ह्मोंग निर्वासितांची मुलगी, लाँग बीचमधल्या कंबोडियन कुटुंबातले पहिलेच कॉलेजला जाणारे मूल आणि क्वीन्समध्ये टॅक्सी चालवणाऱ्या बांगलादेशी बापाचा मुलगा, सारे एकाच रकान्यात. भारतीय कुटुंबांचे सरासरी उत्पन्न देशात सर्वांत वरच्या गटात आहे. आशियाई प्रमाण वाढले की त्यातला मोठा वाटा ज्यांच्याकडे क्लास, समुपदेशक आणि उन्हाळी शिबिरांचे पैसे आहेत त्यांच्याकडेच जाण्याची शक्यता अधिक, हे सांगायला ज्योतिषी नको. ह्मोंग मुलीच्या पदरात काय पडले, हे मात्र त्या एका आकड्यातून कधीच कळत नाही. गरीब आशियाई मुलांची ढाल करून सुस्थित आशियाई घरांनी जिंकल्याचा आनंद मानणे हा दुटप्पीपणा आहे.

७. आणि गुणवत्तेचा एवढा कळवळा आला आहे, तर मागच्या दाराचे काय? आई-वडील त्याच कॉलेजात शिकले म्हणून मुलाला झुकते माप, देणगीदाराच्या मुलाला वेगळी यादी, प्राध्यापकाच्या मुलाला सवलत, नौकानयन आणि स्क्वॉश खेळणाऱ्यांना आमंत्रण. हार्वर्डच्याच आकडेवारीवरून अभ्यासकांनी दाखवले की प्रवेश मिळालेल्या गौरवर्णीय मुलांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक या दारांनी आत आली होती. त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना एरवी प्रवेश मिळाला नसता. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडले, की चाचणीत सारखेच गुण असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलाला आयव्ही दर्जाच्या कॉलेजात जाण्याची संधी मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक असते. जॉन्स हॉपकिन्सने वारशाची सवलत बंद केली, गरजूंसाठी मदत वाढवली; तिथे २००९ ते २०१९ या काळात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे प्रमाण साडेबारावरून साडेतीन टक्क्यांवर आले आणि कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या पेल अनुदानाला पात्र मुले ९ वरून १९ टक्क्यांवर गेली. जग बुडाले का? वंशाचा विचार घटनाविरोधी आणि वडिलांच्या पदवीचा विचार मात्र खपवून घेण्याजोगा, असे मानणाऱ्या व्यवस्थेला गुणवत्तेचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

८. मागचे दार बंद करणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. एमआयटी वारशाला गुण देत नाही, अ‍ॅमहर्स्टने २०२१ मध्येच ही सवलत बंद केली. तरी वरच्या आकड्यांत कृष्णवर्णीय मुलांची घसरण सर्वांत जास्त तिथेच दिसली. कारण विषमता अर्जाच्या कितीतरी आधी, घराच्या पत्त्यात असते. आपण घर घ्यायला निघतो तेव्हा काय करतो? एजंटला विचारण्याआधी मोबाइलवर शाळेचे रेटिंग पाहतो. दहापैकी नऊ असेल तर तीन खोल्यांच्या जुन्या घरालाही लाखभर डॉलर जास्त मोजतो. शाळेच्या निधीचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून महाग वस्तीत कॅल्क्युलस, फिजिक्स, रोबोटिक्सचा संघ सारे असते आणि चार मैलांवरच्या वस्तीत प्रगत गणिताचा वर्गच नसतो. शिवाय १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर लाल रंगाने रंगवून कृष्णवर्णीय वस्त्यांना कर्जापासून दूर ठेवले गेले, त्याचा परिणाम अजून त्या घरांच्या किमतींत आहे. लाखभर डॉलर जास्त मोजून घेतलेल्या सुरुवातीला 'केवळ मेहनत' म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

९. न्यायालयाने एक फट ठेवली: वंशामुळे आयुष्यात काय घडले हे उमेदवार निबंधात लिहू शकतो, आणि त्यातून दिसलेले धैर्य वा जिद्द महाविद्यालय विचारात घेऊ शकते. ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात सतरा वर्षांच्या मुलाला साडेसहाशे शब्दांत स्वतःचे दुःख विकायला बसवले जाते. ज्याचे दुःख चांगले मांडले जाते, तोच पुढे जातो. आणि ते चांगले मांडून देणारे समुपदेशक तासाला शेकडो डॉलर घेतात. उलट आपल्या मुलांना 'फार आशियाई दिसू नकोस, पियानो आणि गणित ऑलिम्पियाड जरा मागे ठेव' असा सल्ला अजूनही मिळतो. एकाने जखम दाखवायची, दुसऱ्याने ओळख लपवायची. वंश पुसून टाकल्याचा दावा करणाऱ्या नियमाने दोघांनाही वंशाचाच हिशोब करायला लावले आहे.

१०. शेवटी, आपण या देशात आलो कोणत्या दाराने? १९६४ चा नागरी हक्क कायदा कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून आला. हार्वर्डविरुद्धच्या खटल्याचा आधारही तोच कायदा होता. त्याच लढ्याच्या लाटेत १९६५ चा स्थलांतर कायदा झाला आणि भारतीयांसाठी वाट मोकळी झाली. मागे जायचे तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियात आलेल्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दलित आणि कृष्णवर्णीय समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले. संधी नाकारलेल्याला संधी देण्याची भूमिका १९०२ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी राजाज्ञेने अमलात आणली. जयंतीला या तिघांच्या तसबिरींना हार घालायचे आणि शेजारच्या समाजाची जागा गेल्यावर टाळ्या वाजवायच्या, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

मग करायचे काय? निकाल उलटणे आपल्या हातात नाही. पुढचे बरेच काही आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी महाविद्यालयांतही वारसा आणि देणगीच्या सवलतीवर बंदी घालणारा कायदा केला. आपल्या राज्याच्या आमदाराला पत्र लिहून तोच कायदा मागा. लवकर अर्ज करून प्रवेश मिळाल्यास तिथेच जायला बांधून घेणारी पद्धत आर्थिक मदतीची तुलना करण्याची सोय नसलेल्या घरांना परवडत नाही. तिच्यावर प्रश्न विचारा. २०२५ मध्ये केंद्र सरकारने महाविद्यालयांकडून वंशनिहाय प्रवेशाचे आकडे मागायला सुरुवात केली. आकडे मागायचेच तर पुरते मागा: उत्पन्नाचे, वारशाचे, देणगीचे, आणि 'आशियाई' हा गठ्ठा सोडवून प्रत्येक समाजाचे. शाळेच्या निधीवर मतदान असेल तेव्हा फक्त आपल्या शाळेचा विचार करून मत देऊ नका. आणि ज्या मराठी मंडळात गणिताचे स्पर्धावर्ग चालतात, त्यांची दारे शेजारच्या गावातल्या मुलांनाही उघडा. शिकवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. हार्वर्डच्या जागा वाढणार नाहीत, त्यासाठीची झटापटही थांबणार नाही. पण त्या झटापटीत आपल्या मुलांचे नाव कोणाविरुद्ध वापरू द्यायचे, हे ठरवणे आपल्याच हातात आहे, आणि ते आता ठरवलेच पाहिजे.