गणतीवाल्यांना दार उघडा, खरं ते सांगा

2027 च्या जनगणनेसाठी प्रगणक तुमच्या दाराशी येतील, तेव्हा कृपा करून आतूनच "घरी कोणी नाही" असं ओरडू नका.

अर्थतज्ज्ञांना भाजीचा भाव ठाऊक नसतो, समाजशास्त्रज्ञ कुणाचे तरी मिंधे असतात, आकडे हवे तसे वाकवता येतात, असं हल्ली जो तो म्हणतो. सगळंच खोटं नाही ते. 2017-18 च्या घरखर्चाच्या पाहणीचा अहवाल केंद्र सरकारने बाहेरच येऊ दिला नाही. पण रोजगाराचा अहवाल रखडला म्हणून जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगातल्या दोघा सदस्यांनी राजीनामे दिले, हेही खरं. आकडे अडवले सत्तेने, खुर्ची सोडली तज्ज्ञांनी. राग कुणावर काढायचा, ते आपण ठरवा.

दार लावून घेतलं तर नुकसान कुणाचं? बीड जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत 0 ते 6 वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. 2011 मध्ये 807 उरल्या. गर्भलिंगनिदानाची कुजबूज आधीही होती. कुजबुजीला सरकारने उत्तर दिलं नाही तरी चालतं, 807 ला द्यावं लागतं. कोयनेच्या धरणग्रस्तांचे हालही समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी त्या माणसांनाच विचारून 1969 मध्ये छापले, म्हणून आज कागदावर आहेत.

आणि रेशन! अन्नसुरक्षेच्या धान्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरलेली कमाल संख्या, 2011 च्या लोकसंख्येवर बेतलेला. नंतर वाढलेल्या कुटुंबांनी तहसील कचेरीत "इष्टांक संपला" एवढंच ऐकायचं. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्याची ही किंमत, आणि ती फ्लॅटमधल्या आपल्यासारख्यांनी मोजलेली नाही.

या गणतीत जातही विचारली जाईल. जनगणनेत सगळ्या जातींची अशी नोंद 1931 नंतर प्रथमच होते आहे. कोण काय सांगायला शिकवतंय याकडे लक्ष देऊ नका, आहे ते सांगा. प्रगणकाचं ओळखपत्र जरूर मागा. बँकेचा तपशील विचारला तर खुशाल हाकलून द्या, तो गणतीचा भागच नाही. तुमची उत्तरं जनगणना कायदा, 1948 च्या कलम 15 नुसार गोपनीय राहतात.

गणती झाल्यावर मात्र गप्प बसू नका. आकडे वेळेत आणि पूर्ण जाहीर करा, अशी मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी करा.