विश्लेषण : सुई लावल्याने कर्करोग पसरतो का?

‘गाठीला सुई लावली की कर्करोग पसरतो’ हा समज आजही अनेक घरांत पक्का आहे. त्यापायी बायोप्सी टाळली जाते आणि मोलाचे महिने वाया जातात. कर्करोग मुळात पसरतो कसा, हे समजून घेतले तर ही भीती ओसरू शकते.

पेशी एरवी जागा का सोडत नाहीत?
निरोगी पेशी शेजारच्या पेशींना धरून असतात. ही पकड पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची असते. त्यांतले एक महत्त्वाचे प्रथिन म्हणजे ई-कॅडहेरिन. शेजारच्या दोन पेशींवरील ई-कॅडहेरिन कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांत अडकते. इंटिग्रिन ही प्रथिने पेशीला भोवतालच्या तंतुमय जाळ्याशी बांधतात.

गाठीतील पेशी सुटतात कशा?
अनेक कर्करोगांत ई-कॅडहेरिन घटते. शेजाऱ्याचा हात सुटलेली पेशी मग इंटिग्रिनच्या आधाराने पुढे पकड घेत, मागची सोडत सरकते आणि रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत शिरते. अर्थात, हा एकच मार्ग नाही. काही गाठींतील पेशी ई-कॅडहेरिन शाबूत ठेवून जथ्यानेही सरकतात.

याचा पुरावा काय?
न्यूझीलंडमधील एका मोठ्या माओरी कुटुंबात पिढ्यानपिढ्या, तरुण वयातही जठराचा कर्करोग होत होता. १९९८ मध्ये संशोधकांना त्याचे मूळ ई-कॅडहेरिनच्या जनुकातील दोषात सापडले.

बायोप्सीतून काय कळते?
स्तनाच्या ‘लोब्युलर’ कर्करोगात हे प्रथिन बहुधा नसतेच. पेशी सुट्या होऊन एकामागे एक पसरतात. त्यामुळे गाठ हाताला स्पष्ट लागत नाही, मॅमोग्राफीतही निसटू शकते. हा प्रकार ओळखण्यासाठी बायोप्सीच्या तुकड्यावर ई-कॅडहेरिनची चाचणी केली जाते. तुकडाच घेतला नाही, तर कर्करोगाचा प्रकार कळणार कसा आणि उपचार ठरणार कसे?

मग सुईचे काय?
सुईच्या वाटेवर पेशी सांडू शकतात, पण असे क्वचितच घडते. जिथे जोखीम अधिक, तिथे डॉक्टर वेगळी पद्धत निवडतात. पसरण्याची क्षमता पेशीच्या आत घडणाऱ्या बदलांतून येते. सुई ती देत नाही. तपासणी टाळल्याने मात्र त्या बदलांना वेळ मिळतो. बायोप्सीबद्दल शंका असेल तर ती डॉक्टरांना जरूर विचारावी. पण शंकेपोटी तपासणी लांबवू नये.