इसब म्हणजे विटाळ नव्हे



ऊस नोंदणीसाठी आम्ही वस्त्यावस्त्यांवर फिरतो. काही घरांत अंगभर इसब झालेली लेकरं दिसतात. खाजवून खाजवून अंथरुणाला रक्त लागतं, आई-बाप आळीपाळीने जागतात. त्याहून जिव्हारी लागतं ते शेजाऱ्यांचं बोलणं, 'आमच्या पोराला शिवू देऊ नका.'

हे थांबले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लहानपणचा हा इसब शिवल्याने होत नाही. कातडी कोरडी पडते, बाहेरचे काही सोसत नाही, म्हणून खाज सुटते. कोमट पाण्याने अंघोळ, अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन, सुती कपडे व कापलेली नखे यांनी आराम पडतो. पाचटाची धूळ आणि उसाची कूस यांपासून मूल दूर ठेवावे. स्टेरॉइडचे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे. २०१८ साली सरकारने अशा अनेक मलमांना चिठ्ठीची सक्ती केली आहे. आणि डॉक्टरांनी दिलेले मात्र भीतीपोटी अर्ध्यात सोडू नये.

अडचणीला आपण एकमेकांच्या उसाला दारं धरतो. मग अशा घरचं लेकरू घटकाभर सांभाळून त्याच्या आईला झोप का मिळवून देऊ नये? गटाच्या बैठकीत अशा पालकांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी. अंगणवाडीत, शाळेत ते मूल पंगतीतच बसले पाहिजे.