शरदातील भयकथा आणि आमची मुले

पावसाळा सरून शरद ऋतू आला, रात्री मोठ्या होऊ लागल्या, की वसतिगृहातील मुले भयकथा मागू लागतात. ती मागणी नाकारावी, असे आम्हांस वाटत नाही. मात्र निवड डोळसपणे व्हावी. भय आणि रक्तपात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांच्या १९०२ सालच्या ‘द मंकीज पॉ’ या कथेत थरकाप उडतो तो दारावरच्या थापेने. बाहेर कोण उभे आहे, हे वाचकाला अखेरपर्यंत दिसत नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथाही मनातील अंधाराचा वेध घेतात. अशा लेखनाने कल्पनाशक्ती जागी होते. रक्ताच्या वर्णनांनी ती बधिर होते.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे. जी कथा एखाद्या निराधार स्त्रीला खरीखुरी चेटकीण म्हणून रंगवते, ती रक्ताचा थेंब नसतानाही हिंसकच होय. २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, हे विसरून चालणार नाही.

म्हणून शिक्षक-पालकांनी पुस्तक आधी स्वतः वाचावे, मग मुलांसमवेत मोठ्याने वाचावे आणि दिवा मालवण्यापूर्वी त्यावर बोलावे. घरापासून दूर झोपणाऱ्या मुलाला भीतीबरोबर एकटे सोडू नये.