द्राक्षाचा माग लागतो, मग रुग्णाच्या यंत्राचा का नाही?

निफाड तालुक्यातील द्राक्षाची पेटी युरोपात पोहोचली तरी ती कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या बागेतली, हे शोधून काढता येते. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश आढळले, तिकडच्या ग्राहकाने नाक मुरडले आणि पुढे ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही नोंदव्यवस्था उभी केली. परदेशी ग्राहकासाठी जे साधले, ते निफाडच्या सरकारी रुग्णालयातील खाटेवरच्या रुग्णासाठी साधू नये काय?

केंद्राच्या वैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रमासाठी देशभरातील २९,११५ आरोग्यसंस्थांमधील ७,५६,७५० उपकरणांची मोजदाद झाली. किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. त्यांपैकी निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. जडवस्तू संग्रह नोंदवहीत मात्र उपकरण एकदा चढले की चढले! ते आज कोणत्या कक्षात आहे, कोणत्या रुग्णाला लावले आहे, याच्याशी त्या वहीला कर्तव्य नसते.

यावर उपाय आहे. यंत्रावर नाण्याएवढा टॅग, रुग्णाच्या मनगटावर पट्टी, भिंतीवर रेडिओलहरी टिपणारे ग्राहक. यंत्र कोठे आहे आणि कोणासाठी चालले आहे, हे परिचारिकेला पडद्यावर दिसते. ही पंचतारांकित चैन आहे, असे म्हणणाऱ्यांनी २१ एप्रिल २०२१ आठवावा. त्या दिवशी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून प्राणवायूचा पुरवठा कोलमडला आणि किमान २२ रुग्ण दगावले. कोणत्याही टॅगने ती गळती थांबली नसती, हे खरेच. पण अशा घटकेला पहिला सिलिंडर कोणत्या खाटेकडे न्यायचा, हे एका दृष्टिक्षेपात कळणे ही चैन म्हणायची?

मात्र पाश्चात्त्यांची व्यवस्था जशीच्या तशी उचलून आणण्याचा उतावीळपणा त्याहून घातक ठरेल. तेथे अनेक रुग्णालयांत एका खोलीत एक रुग्ण असतो. यंत्र खोलीत आले की ते त्याचेच. आपल्या कक्षांत खाटेला खाट भिडलेली, आणि वर नातेवाइकांची वर्दळ. रेडिओलहरींचा अंदाज दोन-तीन मीटरनी चुकला, तर शेजारच्याचा सलाइन पंप भलत्याच्याच नावावर चढेल. जवळ असणे म्हणजे जोडलेले असणे नव्हे. म्हणून टॅगने फक्त यंत्राचा ठावठिकाणा सांगावा. यंत्र कोणाचे, हे परिचारिकेने पट्टी आणि यंत्र दोन्हींवरील बारकोड वाचूनच ठरवावे. ठेकेदाराच्या चकचकीत सादरीकरणात हा भेद सहसा झाकला जातो, आणि मंत्रालयातील बाबूंना तो विचारण्याची सवड नसते.

राहिला रुग्णाच्या खासगीपणाचा प्रश्न. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाले, तालुक्याच्या रुग्णालयाने कोणत्या बळावर निर्धास्त राहावे? तेव्हा निविदेतच अट हवी: रुग्ण घरी निघाला की मनगटाची पट्टी कापावी, त्याच्या हालचालींची नोंद पुसावी, कोणते यंत्र किती वेळ लावले, एवढेच केसपेपरवर राहावे.